कपामागे पंचवीस पेन्स

१४ जानेवारी, मंगळवार

आलं माझ्याच गळ्यात!

कागदी कपातून चहा-कॉफी घेतली की वर पंचवीस पेन्स आकार. कल्पना सरकारातल्या वरच्यांची, भाषणं त्यांची, फोटोही त्यांचेच. आणि या आकाराने कुणावर अन्याय तर होत नाही ना, हे शोधून लिहून काढायचं कुणी? नेट्टा मेअरने. "तुझ्या हाताला सवय आहे गं," म्हणाला ग्रेगर. आमचा साहेब! मी नोकरीला लागले तेव्हा हा शाळेत नाक पुसत असेल. पण तोंडावर हो म्हटलं. नेहमीसारखं.

रकाने ठरलेले. वय, अपंगत्व, स्त्री-पुरुष, गरोदरपण, वंश, धर्म, लग्न. एकही कोरा सोडायचा नाही. परवीन — माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, ऑफिसात मनातलं बोलावं अशी ती एकच — म्हणाली, "धर्माखाली लिही, रमजानचा महिनाभर परवीन अहमदचे पैसे वाचतील." हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. दिवसभरात तेवढंच एक बरं झालं.

१५ जानेवारी

कॉफीच्या कपाचा माणसाच्या लग्नावर काय परिणाम होतो? माझं मोडलं तेव्हा घरात सगळे चिनी मातीचेच कप होते. "परिणाम आढळला नाही" असं लिहून टाकलं.

२० जानेवारी, सोमवार

आज घरून काम. ॲबर्डीनच्या ऑफिसची बस नाही म्हणजे अर्धा सण. बाहेर समुद्रावरून असं धुकं आलंय की समोरचं घर दिसेना.

बाबा दहाला निघाले. धुकं असो, गारा असोत. डोरीनच्या बेकरीत एक चहा, एक लोण्याचा बटरी पाव, मग बंदराच्या भिंतीवर जुना दोस्त डॉड आणि मंडळींबरोबर अकरा-साडेअकरापर्यंत बैठक. बोटी विकल्या, आई गेली, गुडघे गेले — ही बैठक तेवढी राहिली. ती असली की दुपारी जेवतात, बातम्यांना शिव्या देतात, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. मध्ये पंधरवडाभर खोकल्याने घरी होते तेव्हा नुसते खिडकीशी बसून राहिले. सूपसुद्धा गरम करून घेतलं नाही. घाबरले होते मी.

कंपवात आहे हे फक्त आम्हा दोघांना आणि डॉक्टरला माहीत. बाकी गावासाठी बाबांना "फार थंडी वाजते". हात सदा कोटाच्या खिशात. डोरीनच्या कागदी कपाला झाकण असतं, वजन नसतं, दोन्ही हातांत धरला की ऊब घेतल्यासारखं दिसतं. अर्धाच भरून घेतात. "चालत जायचंय" म्हणतात — आणि ते खरंच आहे, चालतच जातात!

कारण खोटं बोलता येत नाही त्यांना. चर्चचे पंच ना! मागे चर्चमध्ये गाणाऱ्या मिसेस रीडने बाबांना हौसेने विचारलं, माझं आजचं गाणं कसं झालं अँड्रू? "वरचा सूर लागला नाही." झालं. बाई उन्हाळाभर बोलली नाही.

मी एकदा म्हटलं होतं, सांगून टाका ना बाबा गावाला, काय होतंय? तर म्हणे, "मला कुणी विचारलंय का? विचारलं तर सांगेन. विचारलं नाही, तर गावभर दवंडी पिटत फिरू का?"

५ फेब्रुवारी, बुधवार

आज स्वयंपाकघरात माझीच पाहणी. स्वतःच्या खर्चाने चार प्रकारचे घरून न्यायचे कप आणले. आकार सुरू झाला तर बाबांचं कसं होणार ते आधी बघावं म्हटलं. ऑफिसला नाही सांगितलं.

पहिला धातूचा. जड. उचलला तोच मनगट हेलकावलं. दुसरा — झाकण फिरवून लावायचं. बोटं नुसती त्यावरून घसरत राहिली. मी हात पुढे केला तर ओरडले, "थांब! मी करतोय ना!" तिसरा रबरासारखा, घडी होणारा. त्याने मांडीवरच घडी घातली. चहा कोमट होता म्हणून बरं.

"दर्या खवळलाय आज," म्हणाले. पँट ओली, चेहरा लाल. हसले. मीही हसले. चौथा मी पिशवीतून बाहेरच काढला नाही.

मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता — "पंचवीस पेन्स देईन की मी. तू कशाला जिवाला लावून घेतेस?"

देतील हो. पण सगळ्यांना परवडेल असं नाही, आणि ज्याला दुसरा कप धरताच येत नाही त्याच्याकडून वर दंड घ्यायचा? त्याच्या हातांचा दंड? मला राग आलाय. फार दिवसांनी कामावर राग आलाय.

११ फेब्रुवारी

बस बंद पडली. घरी यायला रात्र झाली. खिमा आणि बटाटे थंडच खाल्ले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आजची बैठक. अपंगांच्या संघटनेतले लोक ऑफिसात बोलावले होते — तुमचं म्हणणं सांगा म्हणून. हे आम्ही हौसेने करतो. बिस्किटं आणतो, नावांच्या चिठ्ठ्या लावतो.

तर आमच्या इमारतीत कागदी कपांना बंदी! आपणच नियम करणार आणि आपणच कागदी कप वापरणार, शोभतं का? म्हणून कपाटातले ते चहाचे निळे मग काढले. हे जाडजूड, कानाला एका बोटाची जागा, काठोकाठ भरलेले. ग्रेगर स्वतः वाटत फिरत होता. साखर? दूध? थँक यू, थँक यू.

दोन तास चर्चा. सगळे गोड बोलले. "पर्यावरणाचं बघायलाच हवं." "काही अडचण नाही हो, जमवून घेऊ." एक मिसेस गीकी म्हणून होत्या, बोटं संधिवाताने वळलेली. मी विचारलं, चहा नाही घेतला तुम्ही? "आत्ताच घेऊन आले गं राणी. सुंदर वास येतोय मात्र."

मंडळी गेली. मी आणि परवीन आवरायला लागलो. ते निळे मग सगळे भरलेले! वर साय धरलेली. मी एकेक सिंकमध्ये ओतत होते आणि परवीन नुसती बघत होती. "अगं, कुणीच प्यायलं नाही?" कुणीच नाही. लांबून आलेले लोक, दोन तास घसा कोरडा ठेवून बसले, आणि जाताना आमचे आभार मानून गेले! कपांविषयी बोलायला बोलावलं आणि धरता येईल असा एक कप दिला नाही आम्ही. तक्रार करणं म्हणजे चारचौघांत तमाशा, आणि तमाशा आपल्याकडे कुणी करत नाही. मेलं तरी करत नाही.

वर येऊन बघते तर ग्रेगरचं टिपण तयार. "उपस्थितांनी कोणतीही अडचण नोंदवली नाही. चहापान झाले."

चहापान झाले!

२८ फेब्रुवारी

भांडले. चक्क भांडले. म्हटलं, चल माझ्याबरोबर सिंकपाशी, दाखवते तुला चहापान. ग्रेगरने टिपण पुन्हा वाचलं. वाईट नाही तो, नुसता घाईत असतो. शेवटी म्हणाला, "बरं बाई. ज्यांना दुसरा कप जमत नाही त्यांना सूट. पण ओळखायचं कसं ते तूच सांग."

१० मार्च, सोमवार

ओळखायचं कसं, यावर आठवडा गेला. कायदेवाले म्हणतात डॉक्टरचा दाखला हवा. एका चहासाठी दाखला! परवीन म्हणाली, "उद्या संडासला जाताना पासपोर्ट मागतील." दाखला मी हाणून पाडला. शब्द पुरे, पुरावा नको. हे मिळवलं मी.

पण मग पुढची गोची. सूट मागायची म्हणजे रांगेत उभं राहून माणसाने स्वतःहून म्हणायचं — मी अपंग आहे हो. मिसेस गीकी म्हणेल? मेली तरी नाही. बाबा तर सोडाच.

१६ मार्च, रविवार

चर्चमध्ये सुचलं! पाद्री प्रार्थनेनंतर दारात उभा राहतो, प्रत्येकाचा हात हातात घेतो, प्रत्येकाला विचारतो — सगळं ठीक? प्रत्येकाला. म्हणून कुणाला लाज वाटत नाही.

तसंच करायचं. गल्ल्यावरच्या माणसाने सगळ्यांना विचारायचं. तरुण, म्हातारा, धडधाकट, कुणीही असो. "दुसरा कप वापरायला तुम्हाला काही त्रास आहे का?" हो म्हटलं की आकार नाही. कुणी वेगळं पडत नाही, कुणाला हात पुढे करावा लागत नाही. किती सोपं! इतके दिवस डोक्यात कसं आलं नाही?

१ एप्रिल, मंगळवार

मंजूर. वरून निरोप आला, "अतिशय संवेदनशील उपाय." ग्रेगरने केक आणला. मला टाळ्या! तीस वर्षांत पहिल्यांदा. मे महिन्यापासून निवडक गावांत प्रयोग आणि त्यात आमचं पोर्टगॅरी. ते मीच सुचवलं, खोटं कशाला बोलू. नजरेसमोर राहील म्हणून.

घरी येऊन बाबांना सांगितलं. सगळं. बटाटे सोलत होते — हल्ली अर्ध्या बटाट्याचं सालच होतं, पण सुरी सोडत नाहीत.

"म्हणजे डोरीन विचारणार."

"सगळ्यांना बाबा! तुम्हाला एकट्याला नाही. डॉडलासुद्धा."

"डॉडला काय झालंय?"

"काही नाही. म्हणूनच तर. सगळ्यांना विचारलं की कुणाकडे बोट जात नाही."

"आणि मग जे असेल ते सांगायचं."

"पुरावा नको, काही नको. तुमचा शब्द पुरे."

"हं," म्हणाले. मग म्हणाले, "हुशार आहेस." आणि बटाटा सोलत राहिले.

बाबा मला हुशार म्हणाले! शाळेत नंबर आला तेव्हा "बरं" म्हणाले होते.

२२ एप्रिल

दमलेय. भाषांतरं, चित्रांची पाटी, ठळक अक्षरांतली पाटी, दुकानदारांसाठी सूचना. डोरीनचा फोन — "नेट्टा, रविवारच्या ठेवणीतल्या आवाजात हे वाक्य म्हणू का गं?" म्हटलं म्हण.

२ मे, शुक्रवार

काल सुरू झालं. आज मी बेकरीत कोपऱ्यात बसून नोंदी घेतल्या. डोरीन खणखणीत आवाजात — तिचा दुसरा आवाजच नाही — "दुसरा कप वापरायला काही त्रास आहे का, बाळा?" शाळेतली मुलं खिदळली. मच्छीबाजारातला एक जण म्हणाला, "त्रास आहे, बायकोने फोडला." सगळं दुकान हसलं. एक लठ्ठ बाई हळूच "हो" म्हणाली, डोरीनने मान हलवली, झालं. कुणी वळून बघितलं नाही. मला रडू यायचं बाकी होतं. चालतंय! माझं चालतंय.

बाबा तेव्हा आले नव्हते. मी साडेनऊला उठून बस पकडली.

८ मे, गुरुवार

घरून काम. अकराच्या सुमाराला मुद्दाम बंदरावरून चक्कर मारली. भिंतीवर डॉड, डॉडचा मेव्हणा, आणि बाबा. बाबांच्या दोन्ही हातांत झाकणाचा कप. मी लांबूनच हात केला. बाबांनी कप जरासा उंचावला, डॉडचं काहीतरी चाललंच होतं बोटींच्या भावांबद्दल.

म्हणजे सांगितलं त्यांनी. डोरीनला "हो" म्हणाले! दोन हिवाळे जे जमलं नाही ते एका वाक्याने झालं. मी विचारायला गेले नाही. विचारलं तर चिडतील. घरी आल्यावर नुसतं सूप वाढलं जरा जास्त.

१२ मे

बाबा हल्ली रिकामा कप फेकत नाहीत, कोटाच्या आतल्या खिशात घालून घरी आणतात. बंदरावरचे डबे सीगल उपसतात म्हणे. बघा! वर्तनबदल! ग्रेगरला सांगितलं तर अहवालात घालेल.

१९ मे, सोमवार

सांगितलं. घातलं.

म्हणजे नाव नाही घातलं. "एक वयस्क पुरुष, कंपवात, पूर्वी मासेमारी. प्रयोगाआधी रोज येत असे, प्रयोगानंतरही तितक्याच नियमाने बंदरावर दिसतो. सूट सुलभ वाटत असल्याचे दिसते." ग्रेगर म्हणाला, "हे सोनं आहे नेट्टा. आकडे कुणी वाचत नाही, हा माणूस वाचतील." परवीनने मात्र चष्म्यावरून बघितलं. "त्यांना विचारलंस?" म्हटलं, रोज बघतेय ना मी डोळ्यांनी. "बघतेस. विचारलंस का?"

तिला काय कळतंय बाबांचं. बाबांना विचारायचं नसतं.

२५ मे, रविवार

बाबा जेवणावर रुसलेत. धुरावलेल्या हॅडक माशाचं सूप, त्यांचं आवडतं, अर्धं ठेवलं. दुपारी भरपूर पाणी प्यायले, दोन पेले, स्ट्रॉने. म्हटलं एवढी तहान? "वारा होता," म्हणाले.

औषधाचा परिणाम असेल. डॉक्टरला फोन करायला हवा. सोमवारी सुट्टी आहे, मंगळवारी करते.

२७ मे

केला. डॉक्टर म्हणते तोंड कोरडं पडतं या गोळ्यांनी, पाणी पाजत राहा. बरं.

६ जून, शुक्रवार

अहवाल गेला. सगळे रकाने भरले. लग्नावर परिणाम नाही, धर्मावर नाही, वंशावर नाही. अपंगत्व: "संभाव्य प्रतिकूल परिणाम सूट व सार्वत्रिक प्रश्नाद्वारे पूर्णपणे दूर." पूर्णपणे! हा शब्द माझा. मी खोडला होता, मग परत लिहिला. हक्काचा वाटला.

आता सगळ्या देशात असंच विचारतील. मला काही आनंद बिनंद होत नाहीये, नुसतं झोपावंसं वाटतंय. पण काम चांगलं झालं. एकदा तरी.

१० जून, मंगळवार

रजा टाकली होती. बाबांना सांगायला बंदरावर गेले — अहवाल स्वीकारला म्हणून. त्यांच्या शेजारी भिंतीवर बसले. वारा सुटलेला. बाबांनी नाक पुसायला रुमाल काढला, कप क्षणभर भिंतीवर ठेवला, आणि वाऱ्याने तो उचलला. "अगं बाई, चहा!" म्हणून मी झेपावले, आता मांडीवर सांडणार. काही सांडलं नाही. झाकण एकीकडे गेलं, कप धक्क्यावर टकटक करत घरंगळला. आत कोरडा ठणठणीत, काठ मऊ पडलेला, तळाशी जुना तपकिरी डाग.

डॉडचा मेव्हणा समुद्राकडे बघत होता. डॉड उठला, गुडघे धरत गेला, कप आणला, झाकण आणलं, नीट दाबून बसवलं आणि बाबांच्या हातात परत दिला — रोजचंच काम असल्यासारखा.

बाबांनी दोन्ही हातांनी धरला. माझ्याकडे बघून समजूत घालत म्हणाले, "डोरीन विचारते गं. विचारलं की खरं सांगावं लागतं. तिचा काही दोष नाही. सगळ्यांनाच विचारते."